भजनाची मागची रांग

आमच्या वर्धा जिल्ह्यात एखाद्या गावी मुक्कामाला उतरलात आणि दिवेलागणीनंतर जरा कान दिलात, तर कुठून तरी खंजिरीचा आवाज येतो. पूर्वीइतका सर्रास येत नाही हे खरे, तरी येतो. त्या रोखाने गेले म्हणजे मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात, दहापंधरा माणसे सतरंजीवर बसलेली दिसतात. काहींच्या डोक्यावर भगवी टोपी असते. एकाच्या हाती खंजिरी, एकापुढे पेटी, बाकीच्यांच्या हाती टाळ. आवाज म्हणाल तर साधारणच. एखादा तर चक्क भसाडा. आणि तरीही ऐकणारा उठत नाही. तो का उठत नाही, आणि असले मंडळ चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षे चालते तरी कसे, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

गावात संस्था निघतात आणि बसतात, हे तुम्हांआम्हांला नवे नाही. तरुण मंडळ निघते, दोन गणपती होतात, तिसऱ्या वर्षी वर्गणीवरून कुरबूर होते आणि पाटी तेवढी राहते. नाटकमंडळी निघते, ती नायकाच्या बदलीबरोबर मोडते. वाचनालयाचे कपाट ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात असते आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. त्या मानाने भजन मंडळ मोठे चिवट. त्याला इमारत नाही, पगारी माणूस नाही, पुष्कळ ठिकाणी नोंदणीही नाही. एक पत्र्याची पेटी असते; तीत टाळांच्या चारपाच जोड्या, एकदोन खंजिऱ्या, हाताने लिहिलेल्या वह्या आणि घडी करून ठेवलेली सतरंजी. एवढ्या भांडवलावर बापाच्या जागी मुलगा आणि मुलाच्या जागी नातू येऊन बसतो.

आपल्याकडे भजन जुनेच आहे. सेलू तालुक्यात बोर नदीच्या काठी घोराडला संत केजाजी महाराजांचे स्थान आहे. तिथे दिंड्या जमतात, वीणा उभी राहते, टाळमृदंग वाजतो. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर, रुक्मिणीचे माहेर. तिथून पंढरीला पालखी जाते. ही वारकऱ्यांची वाट. पण मी ज्या खंजिरीच्या मंडळांविषयी बोलतो आहे, त्यांना आजचे रूप दिले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी.

महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली गावी झाला. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. आमच्या आर्वी-आष्टीकडच्या लोकांना मोझरी परकी नाही. मध्ये नदी काय ती आडवी. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला, म्हणजे त्या वेळच्या शेगावला, राहावयास आले, आणि त्याच वर्षी महाराजही तिथे काही दिवस त्यांच्या सान्निध्यात राहिले. पुढे १९४२ च्या ऑगस्टात, नागपंचमीच्या दिवशी, आमच्या आष्टीला आणि तिकडे चिमूरला लोक उठले. त्या भागात महाराजांची भजने घरोघर पोहोचली होती. सरकारने महाराजांना पकडले आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. भजन म्हणणाऱ्या माणसाला तुरुंगात का टाकावे लागले, याचा विचार शिक्षकांनी वर्गात जरूर करावा. १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले, तेव्हाही खंजिरी बरोबर होती.

हे सारे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते निराळ्या गोष्टीकडे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराज गेले. तो आवाज ज्यांनी प्रत्यक्ष ऐकला ते सांगत असत की, हजारोंच्या समुदायात खंजिरीवर थाप पडली की लेकरूसुद्धा रडायचे थांबे. असा पुढचा गळा गेल्यावर मागची मंडळी पांगावयास हवी होती. जगात बहुधा तसेच घडते. मोठा गवई गेला की त्याचे साथीदार दुसरीकडे जातात, नाहीतर घरी बसतात. इथे ते झाले नाही. गावोगावची मंडळे चालत राहिली. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंजात मोठा समुदाय जमतो आणि ठरल्या क्षणी सारे मौन पाळतात. ज्या मंडळींची ओळखच गाण्याची, त्यांची श्रद्धांजली मौनाची!

मग हे टिकले कशाने? भक्तीने, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा, मी नाही म्हणत नाही. पण भक्ती तर इतरही पुष्कळ ठिकाणी असते आणि तिथली मंडळे मोडतात. मला वाटते, कारण गाण्याच्या बांधणीत आहे.

ही बांधणी नीट पाहा. पुढे बसलेला मुख्य गायक ध्रुपद म्हणतो. मंडळी तेच ध्रुपद परत म्हणते. मग तो अंतरा घेतो. अंतऱ्याची शेवटची ओळ अशी बेतलेली असते की ती ध्रुपदाच्या दारात आणून सोडते, आणि मंडळी ते उचलते. म्हणजे अंतरे चार असोत की सात, मागच्या माणसाला मुळात एकच ओळ पाठ लागते. त्या ओळीवर तो मंडळात शिरू शकतो. सहा वर्षांचे पोर तिसऱ्या संध्याकाळी ध्रुपद म्हणू लागते. सहा महिन्यांत अंतरे आपोआप कानावरून उतरतात. आणि पाचसहा वर्षांनी पुढचा माणूस आजारी पडला, लेकीच्या गावी गेला किंवा त्याचा घसा बसला, की मागच्या रांगेतला कोणीतरी पुढे सरकतो. त्याला कोणी शिकवलेले नसते. त्याची सारी उमेदवारी मागच्या रांगेत बसूनच झालेली असते.

आर्वी तालुक्यातल्या एका गावी मी एका म्हाताऱ्या टाळकऱ्याला विचारले होते की, तुम्ही मंडळात माणूस घेता तो काय पाहून घेता? तो म्हणाला, "गुरुजी, आवाज कोनाचा चांगला हाय हे आमी पाह्यतच नाही. थो रोज येते का, हे पाह्यतो." मी कॉलेजात शिकवतो, तिथे प्रवेशाला आधी टक्के लागतात आणि हजेरीचा हिशेब वर्ष संपताना होतो. या म्हाताऱ्याचा प्रवेशाचा नियम नेमका उलटा.

आता आवाजाची गोष्ट. युरोपात समूहाने गातात तेव्हा आवाजांचे थर लावतात. बायकांचा उंच आवाज, बायकांचा खालचा, पुरुषांचा उंच आणि पुरुषांचा खालचा, असे चार भाग एकाच वेळी चार निरनिराळे स्वर गातात आणि ते मिळून एक गोड इमारत उभी राहते. आपल्याकडे ही रीत नाही. आपले सगळे एकाच चालीने जातात. म्हणून काही विद्वान आपल्या समूहगानाला 'नुसता गलका' म्हणून नाक मुरडतात. त्यांनी जरा जवळ बसून ऐकावे. पुरुष एका पट्टीत गातात, बायका आणि मुले त्याच चालीत वरच्या सप्तकात. एकतारी असली तर ती षड्ज सोडत नाही. एखादा म्हातारा सगळा अंतराभर खालच्या सा वरच रेंगाळतो. पोवाड्यात आणि गोंधळात झीलकरी वरचा सूर धरून राहतात, त्यातलाच हा प्रकार. भजनात तो ठरवून होत नाही, एवढेच. आणि पंधरा गळे एकाच स्वरावर आले तरी ते अगदी केसाच्या टोकावर येत नाहीत. कोणी किंचित वर असतो, कोणी किंचित खाली, कोणी क्षणभर मागे. एकट्याने गाताना हा दोष ठरला असता. पंधरा जणांत तो मिसळून जातो आणि सूर रुंद होतो, घोंगडीसारखा. त्या भसाड्या आवाजालाही मग जागा मिळते. तो काढून टाकला तर गाणे सुधारेल असे वाटते, पण ते पातळ होते.

श्वासाचेही तसेच. एकटा गायक श्वास घ्यायला थांबला की ओळ तुटते. पंधरा जण निरनिराळ्या ठिकाणी श्वास घेतात, म्हणून ओळ तुटत नाही. दिवसभर डवऱ्यामागे चालून आलेल्या माणसाच्या छातीत किती दम उरणार? पण त्याला पुरी ओळ ओढावयाची नसतेच. जेवढी झेपेल तेवढी तो म्हणतो. बाकीची शेजारचा म्हणतो.

समूहाच्या जिभेला काय पेलते, याचा विचार वर्ध्यात आणखी एका थोर माणसाने केला होता. विनोबांनी 'गीताई' ७ ऑक्टोबर १९३० रोजी वर्ध्यास लिहावयास घेतली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुरी केली. ती त्यांनी पंडितांपुढे ठेवली असती तर नवल नव्हते. त्यांनी ती आश्रमातल्या लहान मुलींना शिकवून पाहिली आणि जिथे मुलींना कठीण गेले त्या जागा टिपून घेतल्या. आज पवनारला ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनी एकत्र पाठ म्हणतात, किंवा सेवाग्रामला संध्याकाळची प्रार्थना होते, ती ऐकताना हेच जाणवते की, मजकूर कितीही उंच असो, म्हणण्याची पायरी मात्र कमी उंचीची आहे. आश्रमाच्या प्रार्थनेतली 'आश्रम भजनावली' सिद्ध केली ती नारायण मोरेश्वर खरे यांनी. ते विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, म्हणजे पक्क्या गाण्यातले. त्यांना अवघड गाता येत नव्हते म्हणून सोपे निवडले, असे कोण म्हणेल?

हा गुण आपल्याच मातीत उगवतो असेही नाही. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी नॅशव्हिल येथे फिस्क नावाची शाळा १८६६ साली निघाली. ती पैशाअभावी बंद पडू लागली, तेव्हा १८७१ साली तिचे नऊ विद्यार्थी आपल्या संगीतशिक्षकाबरोबर गाणी म्हणत गावोगाव निघाले. त्यांतले बरेचसे स्वतः गुलामगिरीत जन्मलेले. शेतात राबताना आईबापांनी म्हटलेली भक्तिगीते त्यांनी लोकांपुढे मांडली. त्या पैशांतून शाळेची मोठी इमारत उभी राहिली. ती मंडळी इंग्लंडला जाऊन व्हिक्टोरिया राणीपुढेही गाऊन आली. 'फिस्क ज्युबिली सिंगर्स' हे नाव त्यांनी घेतले आणि तो गायकवृंद आजही आहे. दर काही वर्षांनी जुने विद्यार्थी शिकून बाहेर पडतात, नवे येतात. माणसे सारी बदलली, गाणे चालूच आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ! आमच्या मंडळाचा तो अमेरिकन मावसभाऊच म्हणा ना.

आता थोडे अवघड बोलावयाचे आहे. एकत्र गाण्याआधी एकत्र बसावे लागते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या बंधूंना खुले केले, ही आमच्या शहराच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या काळी खेड्यांतल्या देवळांच्या ओट्यांवर भजन चाले आणि काही माणसे ते रस्त्यावर उभी राहून ऐकत, हेही तितकेच खरे. तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेचा आग्रह धरला त्यात हे मर्म होते. प्रार्थनेला सर्वांनी एका जागी, एका रांगेत बसायचे. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत त्यांनी ग्रामसफाई, शिक्षण, महिलोन्नती असे विषय घेतले आणि प्रार्थनेलाही त्यांच्याच पंक्तीला बसवले. पहाटे गाव झाडायचे आणि मग त्याच रस्त्याने रामधून काढायची. केरसुणी आणि टाळ एकाच हाताला!

पण ती रांग सगळीकडे पुरी झाली का? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर आमच्या खेड्यांतही बुद्ध-भीमगीतांच्या गायनपार्ट्या वाढल्या. त्यांची बांधणी पाहा: पुढे एक गायक, मागे ध्रुपद उचलणारी मंडळी, ढोलक, पेटी आणि कित्येकदा तीच खंजिरी. विषय वेगळा, बाणा वेगळा, पण गाणे उभे राहते ते त्याच मागच्या रांगेवर. एकाच गावात वेशीच्या या अंगाला एक मंडळ आणि त्या अंगाला दुसरे, दोन्ही तीस-तीस वर्षे चाललेली, आणि दोघांनी एकमेकांची सतरंजी कधी पाहिलेली नाही, असेही मी पाहिले आहे. सगळीकडे असे नाही. काही गावांत ढोलकवाला दोन्हीकडे लागतो, कारण गावात चांगला ढोलकवाला एकच असतो. मला त्या ढोलकवाल्यांचे फार कौतुक वाटते.

गेल्या वीसपंचवीस वर्षांत आणखी एक बदल झाला आणि तो चांगला झाला. बायकांची मंडळे वाढली. पूर्वी काकड आरतीला आणि हरिपाठाला बाया मागे बसून म्हणत. आता त्यांची स्वतःची खंजिरी असते, वही असते, बैठकीचा वार ठरलेला असतो. बहुधा बचत गटातल्या त्याच बाया. कार्तिकात कापूस वेचणीचे दिवस. बोंडाच्या काट्यांनी बोटे फाटलेली असतात, त्या बोटांनी खंजिरी वाजवणे म्हणजे काय ते वाजवणारीलाच ठाऊक. तरी येतात. पुरुषांच्या मंडळात जागा रिकाम्या पडू लागल्या आहेत, तिथे बायांची सतरंजी पुरत नाही. दोन्ही एकत्र बसतात तेव्हा पट्टीची अडचण येते हे खरे. पुरुषांना सोयीची काळी एक, बायांना काळी चार. पेटीवाला शहाणा असेल तर मधला मार्ग काढतो. नसेल तर जिचा आवाज पोचत नाही ती गप्प बसते.

आणि इथेच मला काळजी वाटते. कारण मागच्या रांगेला गप्प बसवणारी साधने आता पुष्कळ झाली आहेत.

एक म्हणजे ध्वनिक्षेपक. पूर्वी दहापंधरा जणांचा आवाज देवळाच्या अंगणापुरता जाई आणि ज्याला ऐकायचे तो अंगणात येई. आला की हाती टाळ पडे. आता कर्णा लावतात. माईक एक, तो मुख्य गायकापुढे. साऱ्या गावाला त्याचा एकट्याचा आवाज ऐकू जातो. मागच्याला वाटते, आपण म्हटले काय, न म्हटले काय. आणि गावाला वाटते, घरबसल्या ऐकू येतेच आहे, मग जायचे कशाला?

दुसरे म्हणजे स्पर्धा. खंजिरी भजनाच्या स्पर्धा जागोजाग होतात, त्यांना बक्षिसे असतात, त्यानिमित्ताने पोरे तालीम करतात. हे सारे मान्य. पण बऱ्याच स्पर्धांत किती जणांनी बसायचे याला मर्यादा असते. मग कोणाला वगळणार? त्या भसाड्याला. तो तीस वर्षे रोज आलेला असतो, सतरंजी त्यानेच अंथरलेली असते. पण गुण सुराला आहेत, सतरंजीला नाहीत. एका मंडळाने असे केले, पहिला क्रमांक मिळवला, आणि दुसऱ्या वर्षी त्यांचा मुख्य गायक नोकरीला पुण्याला गेला. आता ढाल कपाटात आहे आणि बैठक बंद आहे. अकोल्याकडील सत्यपाल महाराजांसारखा कलावंत सात खंजिऱ्या एकट्याने वाजवून हजारोंना जागेवर खिळवतो. ते मोठे काम आहे, लोकांना शहाणे करणारे काम आहे. पण ते एका असामान्य माणसाचे काम आहे. गावाने त्याची नक्कल करू नये. गावात सामान्य माणसे असतात आणि गावाचे गाणे त्यांना पुरले पाहिजे.

हे मी आवर्जून सांगतो, कारण आमच्या भागात माणसाने एकटे पडणे ही साधी गोष्ट राहिलेली नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांपायी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. तेव्हापासून आजवर किती घरांत काय घडले, ते तुम्ही जाणता. भजनाने कर्ज फिटत नाही आणि कापसाला भाव मिळत नाही. असे कोणी म्हणेल तर तो लबाड. पण रोज संध्याकाळी जो माणूस मागच्या रांगेत तिसरा बसतो, तो दोन दिवस आला नाही तर चौथा त्याच्या घरी जाऊन विचारतो. माईक लावलेल्या कार्यक्रमात श्रोता आला नाही, हे कोणाच्या ध्यानात येणार? मयताच्या घरी हीच मंडळी पेटी घेऊन जाते आणि रात्र काढते. त्या रात्री गाणे कसे झाले, हे कोणी विचारत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेचा परिपाठ एकदा या नजरेने पाहा. बहुतेक ठिकाणी बऱ्या आवाजाच्या दोन मुली पुढे माईकशी आणि बाकीची शंभर मुले हात बांधून मुकी. राष्ट्रगीत तेवढे सगळ्यांचे. प्रार्थना छान होते, पाहुणे खूश होतात. माझ्या वर्गात दरवर्षी अशी दोनचार मुले येतात, ज्यांना लहानपणी कोणीतरी सांगितलेले असते, "तू म्हणू नकोस, नुसते ओठ हलव." ती मुले पुढे आयुष्यभर ओठच हलवतात, नुसती गाण्यात नव्हे, सभेतसुद्धा. तेव्हा आठवड्यातून एक दिवस तरी माईक बंद ठेवा. गाण्याची पट्टी मुलांना झेपेल अशी धरा. शिक्षकाच्या जाड आवाजात मुलांना ओढले की ती पुटपुटतात. ध्रुपद आधी साऱ्यांना चार वेळा म्हणू द्या, अंतरा दर दिवशी निराळ्या मुलाला द्या. चुकेल. चुकू द्या. ध्रुपद आले की शंभर जण त्याला उचलून घेतील, आणि तेवढ्या भरवशावर तो पुढच्या वेळी उभा राहील.

गावात भजन मंडळ असेल तर शनिवारी त्यांना शाळेत बोलवा. सत्कारासाठी नव्हे; नारळ-शालीत वेळ जातो. मुलांना त्यांच्या मागे बसवा. मंडळाच्या जुन्या वह्या असतात, काही मोडी वळणाच्या हातच्या, काही वाळवीने खाल्लेल्या. त्या वरच्या वर्गातल्या मुलांकडून उतरवून घ्या. पण वही मिळाली म्हणजे चाल मिळाली असे नाही. चाल म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे, आणि ती मोबाईलमध्ये भरून घेतली तर पुढे निदान मुलांना कानाशी लावून ऐकता तरी येईल.

खंजिरी विकत घेणार असाल तर एक सांगतो. पूर्वी तिच्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, तेव्हा तसली कोणी दाखवली तर घेऊ नका. बकरीच्या कातड्याची घ्या. पावसाळ्यात ती सैल पडते आणि थाप मारली की फदफद वाजते. म्हणून बैठकीआधी ती विस्तवावर हातभर उंच धरून शेकावी लागते. फार जवळ नेली तर कातडे तडकते, लांब धरली तर काही होत नाही. बहुतेक मंडळांत हे काम सर्वांत नव्या पोराकडे असते. तो शेकत बसतो, मधून मधून बोटाने टिचकी मारून कानाशी नेतो, आणि बरोबर वाजली की आत आणून देतो आणि मागे जाऊन बसतो.